पाच मिनिटांचा डाव आणि ओरांगउटानची चाल



पिंप्राळ्यात बचत गटाची बैठक संपली, रजिस्टर मिटलं, की आम्ही मोबाईलवर बुद्धिबळ खेळतो. प्रत्येकीला पाचच मिनिटं. घरी स्वयंपाक पडलेला, काहींचा मोबाईल मुलांकडून मागून आणलेला. तेवढाच वेळ आपला. लिचेस हे ॲप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत. पैसे लावायचे खेळ मात्र आम्ही उघडतच नाही.

समोरचा नेहमीच्या सुरुवाती पाठ करून आलेला असतो. त्याला पहिल्याच चालीला विचारात पाडायचं, म्हणून आम्ही एक वेगळी सुरुवात शिकलो. तिचं नाव ओरांगउटान! १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत टार्टाकोव्हर हा खेळाडू प्राणिसंग्रहालयातलं ओरांगउटान वानर पाहून आला आणि ही चाल खेळला, म्हणून हे नाव.

आता पट मांडा. आपली मोहरी पांढरी. वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाका. काळ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं आणलं, तर आपला वजिराकडचा उंट त्या रिकाम्या झालेल्या घरात तिरपा ठेवा. त्याचा उंट आपलं प्यादं खाईल. खाऊ द्या. आपला उंट त्याचं मधलं प्यादं खातो. बाजूचं दिलं, मधलं घेतलं! शिवाय त्याच्या राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं आणि त्यामागे कोपऱ्यातला हत्ती, दोन्ही आता आपल्या उंटाच्या तिरप्या रेषेत. तो गाफील राहिला, तर हत्ती गेलाच. त्याने घोडा आणून वाट अडवली, तर आपणही घोडे बाहेर काढायचे आणि किल्लेकोट करायचा.

पण बायांनो, नुसत्या अनोळखी चालीने डाव जिंकत नाही. टार्टाकोव्हर तो डाव हरला होता! चालीमागचं कारण कळलं, तर समोरून वेगळं उत्तर आलं तरी आपण गडबडत नाही, आणि घड्याळातली मिनिटं वाचतात.

घड्याळाचं मोल मोठ्या पटावरही तेच. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली. कोनेरू हंपीशी तिचे लांब वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत.

येत्या बैठकीत दोघी-दोघी बसून ही सुरुवात दहा वेळा मांडा. प्रत्येक चालीला ‘का?’ विचारा. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आपण विचारतो, तसंच. मोबाईल नसला तरी पुठ्ठ्याचा पट चालतो.