उजव्या हाताचं काम

आमचं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं अंजनी नदीच्या काठचा प्रत्येक माणूस तुम्हाला छातीठोकपणे सांगेल. बकासुरासाठी नेलेलं गाडाभर अन्न भीमानं वाटेतच फस्त केलं, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून अभिमानानं ऐकत आलो. तोच भीम पुढं विराटाच्या घरी बल्लव होऊन चुलीपुढं राबला, हे मात्र आम्ही पुरुष मंडळी सोयीस्करपणे विसरलो. मीही त्यांतलाच. ३१ वर्षं एका संस्थेत हिशेब लिहिले, पै न् पैचा मेळ घातला. पण आपल्याच घरात हिंगाची डबी कुठं असते, ते मला ठाऊक नव्हतं.

ते कळायला २०२३ चं नवरात्र उजाडावं लागलं. चौथ्या माळेच्या पहाटे सौभाग्यवती मोरीत घसरली आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. "बोटं मात्र आजपासूनच हलवत राहा, नाहीतर ती आखडतील," असं डॉक्टरांनी बजावलं. लेकीचं लग्न माघात ठरलेलं. लेक नोकरीला पुण्यात. घरात उरलो आम्ही दोघं, त्यात चालते हात तीन. त्या तिघांतले दोन माझे, म्हणजे बिनकामाचे.

पहिल्या दिवशी खिचडी करपली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला घेतली, ती परातीतच फाटली. ही शेजारी खुर्चीवर बसून सांगत होती, "अहो, ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पाणी चांगलं गरम घ्या, आणि मळताना तळहाताचा जोर लावा." तसं केलं, तर भाकरी उतरली. मग हुरूप आला. कळण्याचं पीठ दळून आणलं. चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद, चवीला मीठ, हे प्रमाण मी हिशेबाच्या वहीत टिपून ठेवलं. बाजारात हिरवी-पांढरी भरीताची वांगी यायला लागली होती. २०१६ साली जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी लोकांना कौतुकानं सांगत असे. पण वांगं भाजण्याआधी त्याला टोचे मारावे लागतात, नाहीतर ते फुटतं, हे मानांकनाच्या बातमीत नव्हतं. ते छतावर उडालेल्या गरानं शिकवलं.

अशातच लेकीचा फोन आला. फोनचा स्पीकर चालू होता. ती म्हणाली, "बाबा, आईला म्हणावं रुखवताचं टेन्शन घेऊ नकोस. आता कोण बघतं ते? टेबलक्लॉथ काय, ऑनलाइन मागवू." पोरीच्या मनात आईची काळजीच होती. ही काही बोलली नाही. रात्री मात्र म्हणाली, "ती कपाटातली निळी पिशवी माळ्यावर टाकून द्या." मी टाकली. आत काय आहे, ते विचारलंही नाही.

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे घरोघरी भुलाबाई बसते. गल्लीतल्या मुली संध्याकाळी गाणी म्हणत येतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखतात. त्या वर्षी कोजागरीच्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं, म्हणून आमच्या गल्लीत बऱ्याच घरी दूध आटवलंच नाही. मुली मात्र आल्या. एक चिमुरडी म्हणाली, "काकू, भुलाबाईखाली तुमचा जाळीचा रुमाल नाही या वर्षी?" तो रुमाल शोधायला मी माळ्यावरून निळी पिशवी काढली.

रुमाल वरच होता. त्याखाली वर्तमानपत्राच्या घडीत पांढऱ्या दोऱ्याची क्रोशाची फुलं, एकेक करून मांडलेली. मोजली. २२. सोबत चौकटीचा कागद होता, सहा ओळी, सहा रांगा, म्हणजे ३६ फुलं. झालेल्यांवर पेन्सिलीची खूण. हिशेब माझ्या ओळखीचा होता. लेक नोकरीला लागली, त्या वर्षापासून ही दुपारच्या वेळी हे काम करत होती. मी त्याच वेळी पलीकडच्या खोलीत वामकुक्षी घेत होतो.

दुसऱ्या दिवशी हिच्यासमोर पिशवी ठेवली आणि म्हटलं, "शिकव." ही आधी हसली. मग म्हणाली, "तुमची बोटं लाकडाची आहेत." पण सुई हातात दिली.

मंडळी, क्रोशाची सुई एकच असते, टोकाला आकडा असलेली. क्रोशा हा शब्दही फ्रेंच भाषेतल्या आकड्यावरूनच आला. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर ओळीनं बसलेले असतात. क्रोशात शेवटचा एकच फासा जिवंत असतो. म्हणून चुकलं की दोरा ओढायचा, सगळं सरसर उसवतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. सहा साखळ्या घालायच्या, त्यांचं कडं करायचं, कड्यात खांब भरायचे. प्रत्येक फेरीला खांब नेमके वाढवायचे. कमी वाढवले तर फुलाची वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. माझ्या पहिल्या फुलाची वाटी झाली. दुसऱ्याचीही. तिसरं पाहून ही म्हणाली, "आता यात कुंकू ठेवता येईल."

शेजारच्या आजी डोकावल्या. "भाऊ, हाई बाईमानसनं काम शे ना?" मी म्हटलं, "आजी, आमच्या येवल्याच्या पैठणीच्या मागावर पुरुष बसतातच की." त्या मान हलवून गेल्या; पण दुसऱ्या दिवसापासून माझे टाके तपासायला येऊ लागल्या.

दिवाळी आली. मी अनारशांचा घाट घातला. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, निथळून फडक्यावर सावलीत सुकवले, दळून त्यात गूळ मिसळला. सगळं वहीबरहुकूम. तरी तुपात सोडले तसे अनारसे हसले, म्हणजे विरघळून पसरले. गूळ जास्त झाला होता. लेक दिवाळीला घरी आली होती. ती कढईपाशी पोट धरून हसत होती, तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीतल्या सुईदोऱ्याकडे गेलं. "हे आईचं ना? मग सुई तुमच्या चष्म्याजवळ कशी?" मी कागद दाखवला. २२ खुणा पेन्सिलीच्या, चार निळ्या पेनाच्या. ती गप्प झाली. मग आईच्या प्लास्टरजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीस." ही म्हणाली, "तू कधी विचारलं नाहीस. यांनीही नाही." बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

नोव्हेंबरअखेर प्लास्टर निघालं. हात बारीक झालेला, मनगट ताठ. व्यायामाला डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबायला सांगितला. हिनं आठवडाभर चेंडू दाबला आणि मग विचारलं, "सुई धरली तर चालेल का?" डॉक्टर म्हणाले, "दुखेपर्यंत ताणू नका, पण चालेल." पहिल्या दिवशी तिला दहा साखळ्याही झाल्या नाहीत. डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "उसव, पुन्हा घाल. तूच शिकवलंस ना?"

पुढं रोज दुपारी आम्ही खिडकीशी बसू लागलो. तोवर माझी नऊ फुलं झाली होती. उरलेली पाच तिनं केली, आणि त्यांना माझ्या नऊ फुलांपेक्षा जास्त दिवस लागले. वामकुक्षी सुटली ती सुटलीच.

फुलं जोडायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की माझी फुलं सगळी लहान. माझा हात आवळून चालतो, हिचा सैल. मी म्हटलं, "माझी काढून टाक, ओळ वाकडी दिसेल." ती काही बोलली नाही. माझ्या प्रत्येक फुलाला तिनं कडेनं मुक्या खांबांची एक जास्तीची फेरी घातली. नऊच्या नऊ मापाला आली.

माघात रुखवत मांडलं गेलं. व्याह्यांकडच्या बायका टेबलक्लॉथ हातात घेऊन जाळी निरखत होत्या. लेक प्रत्येकीला ती नऊ फुलं बोटानं दाखवत होती, "ही बाबांची." मी लाजून पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो.

आता पुन्हा घरात चालते हात चार आहेत. सकाळची भाकरी माझ्याकडेच राहिली आहे. हिंगाची डबी दुसऱ्या फळीवर असते, मोहरीच्या मागं.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)