टस्कीगी गांवची शाळा
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



अमेरिकेंत आलाबामा प्रांतांत मेकन म्हणून आपल्या तालुक्यासारखा एक मुलूख आहे. त्याचें कोर्टकचेरीचें गांव टस्कीगी. इतक्या दूरच्या गांवाची हकीकत आम्ही आज कां सांगतों? जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हां ती त्यांनीं गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांस अर्पण केली. सुटल्यावर त्या गुलामांचें पुढें काय झालें, हें जाणून घेणें आपलें काम आहे.

हा मुलूख मूळचा क्रीक लोकांचा. १८३२ च्या तहानें तो त्यांच्या हातून गेला आणि १८३३ सालीं टस्कीगी वसलें. गोऱ्यांनीं कापसाचे मळे केले व ते गुलामांकडून राबविले. १८३२ सालींच आलाबामानें कायदा केला कीं, काळ्या माणसास, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र, जो कोणी लिहावाचावयास शिकवील त्यास २५० ते ५०० डॉलर दंड. ज्या देशांत शूद्रातिशूद्रांच्या कानीं अक्षर पडूं दिलें नाहीं, तेथील लोकांस या कायद्यामागचा हेतु फोडून सांगावयास नको.

१८६५ त गुलामगिरी उठली. पुढें १८८० च्या निवडणुकींत काळ्यांचीं मतें मिळावीं म्हणून गोऱ्या उमेदवारानें लुइस ॲडम्स याला गांठलें. हा पूर्वींचा गुलाम. पत्र्याचें काम, जोडे व घोड्यांचें सामान करून पोट भरणारा. त्यानें पैसा मागितला नाहीं, हुद्दा मागितला नाहीं, शाळा मागितली. १८८१ त सरकारानें मास्तरांच्या पगारापुरते सालीना २,००० डॉलर मंजूर केले. जागा नाहीं, इमारत नाहीं. गुलामींतच जन्मलेले, पंचवीस वर्षांचे बुकर टी. वॉशिंग्टन मास्तर म्हणून आले, आणि ४ जुलै १८८१ रोजीं ख्रिस्ती देवळाजवळच्या पडक्या खोपटांत ३० विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली. पाऊस आला म्हणजे एक मुलगा मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरी.

मग कर्ज काढून सुमारें १०० एकरांचा जुना मळा घेतला व विटा पाडावयास सुरुवात केली. लागोपाठ तीन भट्ट्या फुकट गेल्या. भट्टी बिघडणें म्हणजे काय, हें आमच्या कुंभारबंधूंस ठाऊक आहे. चौथीसाठीं वॉशिंग्टननीं आपलें घड्याळ १५ डॉलरांस गहाण टाकलें. ती भट्टी साधली. त्या विटांनीं विद्यार्थ्यांनीं शाळा बांधली, आणि गोरे शेजारीही त्या विकत नेऊं लागले. १८९६ त जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. एकसारख्या कापसानें जमिनीचा कस जातो, म्हणून चवळी, भुईमूग, रताळीं यांचीही पाळी घाला, असें ते शिकवीत. १९०६ पासून अवजारें भरलेली गाडी जोडून शाळाच शेतकऱ्यांच्या दारीं जाऊं लागली. शेतकरी वर्गांतलेच मास्तर नेमा व शाळांत शेतकी शिकवा, अशी मागणी जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें केली होती. टस्कीगीनें तिकडे तसेंच करून दाखविलें.

परंतु विद्या आली म्हणून हक्क मिळालाच, असें नाहीं. १९५७ सालीं आलाबामाच्या कायदेमंडळानें टस्कीगीची चौकोनी हद्द मोडून अठ्ठावीस बाजूंची वेडीवांकडी हद्द आंखली. सुमारें ४०० काळ्या मतदारांपैकीं चारपांच सोडून सारे गांवाबाहेर. गोरा मात्र एकही बाहेर नाहीं. पदव्या मिळविलेले प्रोफेसरही आपल्याच गांवांत मताला मुकले. तेथील अध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या पुढारपणाखालीं काळ्या लोकांनीं गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला व कोर्टांत दाद मागितली. १९६० सालीं सर्वोच्च कोर्टानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला आणि पुढें ती हद्द रद्द झाली. १९७२ सालीं जॉनी फोर्ड हे गांवचे पहिले काळे मेयर निवडून आले.

बंधुभगिनींनो, ॲडम्सनें मताच्या जोरावर शाळा मिळविली, आणि त्या शाळेच्या माणसांनीं गेलेलें मत परत आणलें. एकावांचून दुसरें टिकत नाहीं. म्हणून सुगीच्या दिवसांत पोरास, आणि पोरीसही, शाळेंतून काढूं नका. आणि मतदारयादी लागली म्हणजे घरांतल्या प्रत्येकाचें, बायामाणसांचेंही, नांव तींत आहे कीं नाहीं हें स्वतः वाचून पाहा. दुसऱ्याच्या वाचण्यावर विसंबूं नका.