हाती आलेल्या पैशाचे वाटे



एरवी या कार्यक्रमात मी तुमच्याशी बीजप्रक्रिया, कपाशीवरची बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण पैशाविषयी बोलू.

त्याला कारण घडले. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. मेहकर, सिंदखेडराजा भागातल्या कितीतरी जमिनी त्यात गेल्या. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून 2025 मध्ये सगळा रस्ता खुला झाला. तिकडे घाटाखाली पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पातही गावे आणि शेते गेली. ज्या घरात कधी लाखाची रक्कम एकगठ्ठा आली नव्हती, त्या घरांत ती आली. मेहकरकडच्या एका शिवारफेरीत एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले, "साहेब, सोयाबीनले खत किती द्याव ते तुमी सांगता. पन हा जमिनीचा पैसा आला, याचं काय कराव ते कोन सांगीन?"

मी बँकेचा माणूस नाही. पण प्रश्न खरा होता, आणि माझ्या घरातूनच मला त्याचे उत्तर महागात मिळालेले होते. ते आधी सांगतो.

मी शाळेत असताना आमची दोन एकर जमीन पाझर तलावात गेली. वडिलांनी मोबदल्याची सगळी रक्कम एका पतसंस्थेत ठेवली. बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त मिळत होते आणि माणसे ओळखीची होती. तीन वर्षांनी थोरल्या बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला. नेमक्या त्याच महिन्यात पतसंस्थेने पैसे देणे थांबवले. वडील रोज सकाळी जाऊन बंद दारासमोर बसत. फी भरण्याची तारीख निघून गेली. पैसे पुढे थोडे थोडे करून आठ वर्षांनी मिळाले. तोवर बहिणीला दोन मुले झाली होती. वडिलांनी पैसा उधळला नव्हता, बरं का. दारू नाही, जुगार नाही. त्यांची चूक एवढीच की सगळी जनावरे त्यांनी एकाच खुंट्याला बांधली.

वाटे करणे आपल्याला नवे नाही

मळणी झाली की आपण काय करतो? बियाण्याचे धान्य वेगळे काढतो. वर्षभर खायचे वेगळे. बाकीचे बाजारात. बियाण्याच्या पोत्याला अडचणीतही कोणी हात लावत नाही. सोयाबीनमध्ये तूर घेतो, कारण सोयाबीन शंभर दिवसांत हाती येते आणि तूर सहा महिन्यांनी. बांधावर आंबा लावतो, तो पोरांसाठी. एक पीक गेले तर दुसरे हात देते.

पैशाचेही तसेच करायचे. जास्त व्याज कुठे मिळते हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा: हा पैसा मला केव्हा लागणार आहे? तारीख ठरली की जागा आपोआप ठरते.

आधी महागडे कर्ज फेडा

वाटे करण्याआधी कर्ज पाहा. सावकाराचे शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाचे झाले 36 टक्के. एवढे व्याज देणारी खात्रीची ठेव जगात कुठे नाही. तेव्हा असे कर्ज फेडणे हीच सर्वांत चांगली गुंतवणूक. पीक कर्जाची गोष्ट वेगळी आहे. ते मुदतीत भरले तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तीन लाखांपर्यंत व्याजाचा बोजा पडत नाही. म्हणून ते मुदतीत भरायचे आणि परत उचलायचे. ते खाते चांगले राहिले पाहिजे.

पहिला वाटा: वर्षाच्या आत लागणारा

एका वर्षाचा घरखर्च आणि एका हंगामाची पेरणी एवढी रक्कम नेहमी हाताशी हवी. पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी येते, घरात आजारपण येते. ही रक्कम बचत खात्यात आणि थोड्या मुदतीच्या बँक ठेवीत ठेवा. व्याज कमी मिळेल, मिळू द्या. हे बियाण्याचे पोते आहे.

ज्यांना मोबदला मिळालेला नाही, त्यांनीही हा वाटा सोयाबीनच्या पैशातून उभा करावा. काढणीच्या वेळी भाव पडलेला असतो आणि गरज मोठी असते. अशा वेळी बाजार समितीमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी मिळते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, हे काढणीच्या आधीच विचारून ठेवा.

दुसरा वाटा: एक ते पाच वर्षांत लागणारा

मुलाचे कॉलेज, मुलीचे लग्न, विहीर, पाइपलाइन. ही कामे ठरलेली असतात, तारीखही साधारण माहीत असते. यासाठी बँकेची मुदत ठेव, पोस्टाची एक, दोन, तीन किंवा पाच वर्षांची ठेव, आणि दरमहा भरायचे असेल तर पोस्टाचे आवर्ती खाते. एकच मोठी पावती करू नका. तीन लाखांच्या तीन पावत्या करा: एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची. म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी 2020 पूर्वी ते एकच लाख होते. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थांना मात्र तो लागू नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असे मी म्हणणार नाही, गावोगावी त्यांनी अडल्यानडल्याला कर्ज दिले आहे. पण सगळी पुंजी तिथे ठेवू नये. 2012 साली आपल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. पुढे सरकारी मदतीने बँक परत उभी राहिली. पण मधल्या काळात ज्यांचे सगळे तिथेच होते, त्यांचे काय हाल झाले ते आपण पाहिले आहे.

तिसरा वाटा: पाच ते पंधरा वर्षांनी लागणारा

लहान मुलांचे उच्च शिक्षण हे याचे मुख्य काम. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धी खाते काढा. ही योजना 2015 पासून आहे. वर्षाला कमीत कमी 250 रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. भरणा पंधरा वर्षे, मुदत एकवीस वर्षे. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी अर्धी रक्कम काढता येते. मुलग्यासाठी पीपीएफ आहे, पंधरा वर्षांचे. किसान विकास पत्र एप्रिल 2023 पासूनच्या दराने 115 महिन्यांत, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोड्या अधिक काळात, दामदुप्पट होते. सरकार दर तीन महिन्यांनी हे दर ठरवते. म्हणून घेण्याच्या दिवशी पोस्टात विचारून घ्या.

चौथा वाटा: म्हातारपणाचा

नोकरदाराला पेन्शन असते. शेतकऱ्याचे पेन्शन म्हणजे पोरगा, असे आपण धरून चालतो. ते पोरावरही ओझेच होते. ज्यांची जमीन दोन हेक्टरपर्यंत आणि वय 18 ते 40 आहे, त्यांच्यासाठी 2019 पासून प्रधानमंत्री किसान मानधन योजना आहे. वयाप्रमाणे महिना 55 ते 200 रुपये भरायचे, सरकार तेवढेच घालते आणि साठीनंतर महिना 3,000 रुपये मिळतात.

याच वाट्यातला काही भाग म्युच्युअल फंडात ठेवता येतो. आता तालुक्याच्या गावीही त्याचे एजंट फिरतात, म्हणून सांगतो. अनेकांचा पैसा एकत्र करून जाणकार माणसे तो शेअर आणि रोख्यांत गुंतवतात. दहा-पंधरा वर्षे थांबणाऱ्याला महागाईवर मात करण्याची संधी असते, पण हमी नसते. सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर होता. ऑक्टोबर 2008 मध्ये तो 9 हजारांच्या खाली आला. परत 21 हजारांवर यायला नोव्हेंबर 2010 उजाडले. जो थांबू शकला त्याला धक्का कमी बसला. ज्याच्या मुलीचे लग्न त्या दिवाळीत होते, त्याचे नुकसान झाले. युनिट ट्रस्टच्या यूएस-64 योजनेत लोकांनी सरकारी म्हणून डोळे मिटून पैसे ठेवले होते. जुलै 2001 मध्ये तिची खरेदी-विक्री सहा महिने थांबवावी लागली.

म्हणून नियम असा: सात वर्षांच्या आत लागणारा पैसा तिथे नको. बियाण्याचा तर कधीच नको. आणि काम दोन-तीन वर्षांवर आले की तो पैसा तिथून काढून मुदत ठेवीत आणायचा. पीक पक्वतेला आल्यावर आपण ते रानात उभे ठेवत नाही ना, तसेच.

एक हिशेब

समजा सात एकरांतली तीन एकर रस्त्यात गेली आणि 20 लाख आले. बाप 38 वर्षांचा, मुलगा चौदाचा, मुलगी आठ वर्षांची. सावकार आणि उधारी दीड लाख, ती फेडली. पहिल्या वाट्यात अडीच लाख. मुलाच्या कॉलेजसाठी आणि विहिरीसाठी दुसऱ्या वाट्यात सहा लाख, दोन बँकांत तीन-तीन. मुलीसाठी तिसऱ्या वाट्यात सहा लाख: सुकन्येत दरवर्षी एक लाख भरायचे, बाकीचे तोवर ठेवीत. म्हातारपणासाठी चार लाख: दोन पीपीएफमध्ये, दोन म्युच्युअल फंडात, तेही महिन्या-महिन्याला थोडे थोडे. शिवाय मानधन योजना वेगळी. झाले 20 लाख. तुमचे आकडे वेगळे असतील. जवळपास चांगली जमीन मिळत असेल तर जमिनीच्या पैशातून जमीन घेणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. साठीच्या माणसाने मात्र बाजाराकडे जाऊच नये, पहिला आणि दुसरा वाटा मोठा ठेवावा.

सही करण्याआधी विचारा

1. या संस्थेवर देखरेख कोणाची? रिझर्व्ह बँक, सेबी, पोस्ट, की कोणाचीच नाही?
2. मुदतीआधी पैसे लागले तर मिळतील का, आणि किती कापून?
3. पावती कोणाच्या नावावर? घरधनिणीचे नाव त्यात आहे का? वारसाचे नाव नोंदले का?

वर्षात पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. एजंटच्या हातात रोख रक्कम देऊ नका.

शेवटी एक सुचवतो. अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि पाऊसपाण्याचे भाकीत ऐकायला सगळा जिल्हा कान लावून बसतो. त्याच दिवशी घरातही एक मांडणी करा. नवरा-बायको, मोठी मुले एकत्र बसा. सगळ्या पावत्या समोर ठेवा. कोणते काम जवळ आले, कोणता वाटा कमी पडला, ते वहीत लिहा. माझ्या वडिलांनी आमच्या आईला पतसंस्थेची पावती कधी दाखवली नव्हती. दाखवली असती तर ती एवढे तरी म्हणाली असती, "पोरीच्या शिकण्याचे तेवढे वेगळे ठेवा."

तुमच्या घरात ते कोणी म्हणत असेल, तर त्यांचे ऐका.

नमस्कार.