माप, प्रमाण आणि प्रामाणिकपणा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अग्निबाण, अणुभट्टी किंवा संगणक उभा राहतो. आज मी त्यांपैकी कशाविषयीही बोलणार नाही. मी बोलणार आहे तराजू, मोजपट्टी आणि घड्याळ यांच्याविषयी. विषय साधा वाटेल, परंतु आधुनिक संशोधनाची सारी इमारत या तीन वस्तूंवर उभी आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. एखाद्या काट्यावर आपण तीच साखरेची पिशवी पाच वेळा ठेवली आणि पाचही वेळा १ किलो २० ग्रॅम असे वजन आले, तर काटा चांगला आहे असे आपण म्हणू. पण पिशवीत खरोखर १ किलोच साखर असेल तर? काटा पाचही वेळा एकच उत्तर देतो, आणि पाचही वेळा चुकीचे देतो. पुन्हा पुन्हा तेच उत्तर येणे ही एक गोष्ट आणि उत्तर खरे असणे ही दुसरी. पहिली गोष्ट काटा स्वतःच दाखवू शकतो. दुसरीसाठी मात्र बाहेरचे, सर्वांनी मान्य केलेले वजन लागते. त्यालाच आपण प्रमाण म्हणतो.

प्रमाण नसले म्हणजे काय होते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. शेर, पायली, मण ही मापे गावोगाव वेगळी होती. एका बाजारपेठेची पायली दुसऱ्या पेठेच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते, आणि त्यात नुकसान व्हायचे ते बहुधा गरिबाचे. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही. १९५६ साली संसदेने वजनमापांचा कायदा केला आणि किलोग्रॅम, मीटर व लिटर टप्प्याटप्प्याने देशभर लागू झाले. १९५७ सालच्या १ एप्रिलपासून नाणीही दशमान झाली.

आता ही मीटरची पट्टी आली कोठून? त्याची हकीकत विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक ऐकावी.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात असे ठरले की लांबीचे माप कोणा राजाच्या हातावरून किंवा पायावरून न घेता पृथ्वीवरून घ्यावे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. त्यासाठी १७९२ साली देलाम्ब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ डंकर्क ते बार्सिलोना हा पट्टा मोजण्यास निघाले. देलाम्ब्रकडे उत्तरेचा भाग होता, मेशँकडे दक्षिणेचा. युद्धाचे दिवस होते. डोंगरमाथ्यावर दुर्बिणी रोखणारी ही माणसे हेर आहेत असा लोकांना संशय येई. काम सुमारे सात वर्षे चालले.

मेशँ हा अत्यंत काटेकोर माणूस. बार्सिलोनाचे अक्षांश त्याने ताऱ्यांच्या वेधांवरून दोन जागांहून काढले. दोन्ही उत्तरे जुळायला हवी होती, पण त्यांत कोनाच्या सुमारे तीन सेकंदांचा फरक आला. जमिनीवर हा फरक शंभर मीटरांच्या आसपास भरतो. मेशँने पुन्हा पुन्हा गणित केले, पण कारण सापडेना. शेवटी त्याने दुसऱ्या जागेची निरीक्षणे दडवून ठेवली. १७९९ साली प्लॅटिनमची मीटरपट्टी तयार झाली, त्याचा गौरव झाला, पण मनाला शांती मिळाली नाही. मोजणी आणखी दक्षिणेकडे वाढवून चूक भरून काढावी म्हणून तो पुन्हा स्पेनला गेला आणि तेथेच १८०४ साली तापाने मरण पावला. कागदपत्रे देलाम्ब्रच्या हाती आली तेव्हा खरी गोष्ट उघड झाली.

यातली दुःखाची बाब कोणती? पुढच्या अभ्यासकांनी तीच निरीक्षणे तपासली, तेव्हा असे दिसले की दोष माणसाच्या हातात नसून बहुतांशी उपकरणात असावा. मेशँने आपले दोन्ही आकडे उघडपणे मांडले असते, तर त्या काळच्या विद्वानांना उपकरणांच्या दोषांविषयी मोलाचा धडा मिळाला असता आणि बिचाऱ्याची दहा वर्षे जळली नसती. न जुळणारा आकडा म्हणजे अपराध, असे त्याने मानले. वास्तविक तो आकडा त्याला काही सांगू पाहत होता.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांचे. ते वायूंची घनता मोजत होते. हवेतून इतर वायू काढून मिळवलेला नायट्रोजन त्यांनी काचेच्या गोळ्यात भरून तोलला, तो सुमारे २.३१० ग्रॅम भरला. रासायनिक संयुगांपासून तयार केलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात तोलला, तर तो सुमारे २.२९९ ग्रॅम भरला. फरक अवघा ग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढा. दुसऱ्या एखाद्याने सरासरी काढून विषय संपवला असता. परंतु रॅले यांचा आपल्या तराजूवर भरवसा होता आणि एवढी चूक त्यात होणार नाही हे त्यांना ठाऊक होते. १८९२ साली त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून हा न जुळणारा फरक जाहीर केला आणि रसायनशास्त्रज्ञांकडे खुलासा मागितला.

पुढे विल्यम रॅम्से यांच्यासह त्यांनी शोध घेतला, आणि १८९४ साली हवेत आर्गॉन नावाचा, तोपर्यंत कोणालाही माहीत नसलेला वायू सापडला. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो! हजारो वर्षे माणूस तो नाकाने घेत होता. सापडला तो तराजूमुळे, आणि त्या तराजूचा आकडा न लपवणाऱ्या माणसामुळे. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्से यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रमाणे एकदा ठरली म्हणजे काम संपले, असेही नाही. १८८९ साली प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक नळकांड्यासारखा ठोकळा पॅरिसजवळ सेव्हर येथे काचेच्या झाकणांखाली ठेवण्यात आला. जगातील सर्व किलोग्रॅमांचा तो मूळपुरुष. त्याच्या प्रतिकृती देशोदेशी दिल्या गेल्या. त्यांपैकी ५७ क्रमांकाची आपल्या भारताकडे आहे. १९९० च्या सुमारास मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रतिकृती पुन्हा ताडून पाहिल्या, तेव्हा शंभर वर्षांत त्यांच्या वजनांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत फरक पडल्याचे दिसले. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पण गंमत अशी की प्रतिकृती जड झाल्या की मूळ ठोकळाच हलका झाला, हे सांगायला मार्गच नव्हता. व्याख्येनुसार तो ठोकळा म्हणजेच एक किलोग्रॅम होता!

म्हणून शास्त्रज्ञांनी वस्तूवर विसंबणे सोडले आणि निसर्गाच्या न बदलणाऱ्या राशींचा आधार घेतला. सीझियमच्या अणूपासून निघणाऱ्या लहरींची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, हे १९६७ साली ठरले. प्रकाश निर्वात जागेत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो तेवढा एक मीटर, हे १९८३ साली ठरले. आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही प्लँकच्या स्थिरांकावरून निश्चित केला जातो. आता प्रमाण एखाद्या तिजोरीत बंद नाही. पुरेशी साधने असलेली जगातली कोणतीही प्रयोगशाळा ते सिद्ध करू शकते.

आपल्या देशात हे काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. १९५० साली तिचे उद्घाटन झाले आणि के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक होते. भारतीय प्रमाणवेळ तेथील आण्विक घड्याळांवरून दिली जाते. वाण्याच्या वजनावर वैधमापन निरीक्षकाचा जो शिक्का असतो, त्यामागे अशीच एक साखळी असते. दुकानातले वजन निरीक्षकाच्या वजनाशी, ते राज्याच्या प्रमाणाशी आणि ते राष्ट्रीय प्रमाणाशी ताडलेले असते. साखळीचा एक दुवा खोटा निघाला तर पुढचे सारे खोटे.

हे केवळ पुस्तकी बोलणे आहे असे समजू नका. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले एक यान नष्ट झाले, कारण एका गटाने बलाचे आकडे पौंडांत दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये धरले. उलट, २०१५ साली अमेरिकेतील लायगो प्रयोगशाळांनी गुरुत्वीय लहरी पकडल्या, तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या नळीतील जो बदल मोजला गेला, तो प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी कमी होता. तशीच प्रयोगशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. तेथे काम करणारे हात कोणाचे असतील? आज या सभागृहात बसलेल्या मुलामुलींचे का नसावेत?

मात्र त्याची तयारी शाळेच्या प्रयोगशाळेतच होते. विद्यार्थी मित्रांनो, लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ यायला हवे हे तुम्हाला आधीच ठाऊक असते. तुमचे येते ९.३. मग शेजाऱ्याच्या वहीतून आकडे उतरवण्याचा मोह होतो. हा मोह म्हणजे मेशँचा मोह. ९.३ तसेच लिहा, आणि दोरीची लांबी कोठून कोठपर्यंत मोजली, लंबक फार मोठा झोका घेत होता का, याचा शोध घ्या. त्या शोधात जे शिकाल ते उतरवलेल्या ९.८ मध्ये मिळणार नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, प्रामाणिकपणे लिहिलेल्या चुकीच्या उत्तराला काही गुण जरूर द्यावेत. आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी कमी गुणांची प्रगतिपुस्तिका घेऊन घरी आली, तर प्रथम तो आकडा शांतपणे पाहा. रागावल्याने आकडा बदलत नाही, फक्त पुढच्या वेळी तो लपवला जातो. कोठे कमी पडले आणि का, हे मुलांना जवळ बसवून विचारा. प्रमाण आणि प्रामाणिक हे शब्द एकाच मुळापासून आले आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.