चार शब्दांचं नाव, तीन रकाने
(पातूर येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कॉलेजच्या विद्यार्थी नोंदी वेबवर आणताना सगळ्यात जास्त वेळ कशात गेला, असं विचाराल तर मी सांगेन, नावाच्या रकान्यात.

आपल्या वऱ्हाडात नाव कसं लिहितात बघा. शेख सानिया शेख रफीक. सय्यद अन्सार सय्यद नूर. आणि फॉर्मवर रकाने तीन: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. विकत आणलेल्या जुन्या प्रोग्रॅमने मुलीचं नाव केलं शेख, वडिलांचं सानिया, आडनाव शेख. रफीक बाहेरच! तुम्ही हसताय, पण शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. बारा आकडी अपार आयडीसाठीही आधारवरचं नाव जुळावं लागतं. नाही जुळलं की मुलगी अकोल्याच्या चकरा मारते, आणि तिसऱ्या चकरेला घरचे म्हणतात, राहू दे आता.

आम्ही पूर्ण नावाला एकच रकाना दिला. दहावीच्या गुणपत्रिकेवर असेल तसं लिहायचं, तोडायचं नाही. आधारवरचं नाव वेगळ्या रकान्यात. दोन्हींत फरक असला तर प्रवेशाच्याच दिवशी पडद्यावर लाल खूण येते, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. फी, हजेरी, गुण हे सगळं नावाला नाही, प्रवेश क्रमांकाला बांधलेलं. तो कधी बदलत नाही. नाव दुरुस्त झालं तरी जुनं पुसलं जात नाही. कोणी, कधी, कोणत्या कागदावरून बदललं, ते नोंदीत राहतं. इंग्रजीत शेख कुणी ए-आयने लिहितं, कुणी ई-आयने; शोधताना दोन्ही सापडतात.

एकाने सुचवलं, मुलांनाच एक शेख गाळायला सांगा. मला ते अजिबात पटलं नाही. रकाना बदलायला एक दुपार लागते. गॅझेटमध्ये नाव बदलायला किती कागद लागतात, ते ज्याने केलंय त्याला विचारा.

आणखी एक. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरलाय. ही मुलं २०४२च्या आसपास कॉलेजात येतील. त्यांच्यासाठी आईच्या नावाचा रकाना आम्ही आत्ताच ठेवलाय.

आज घरी गेल्यावर गुणपत्रिका, टीसी आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर वाचा. कागद सोबत आणले असतील तर मी बाहेरच्या टेबलावर पाच वाजेपर्यंत बसलेय, दाखवा.