पेटीवरचं दुसरं नाव



मोहोराच्या दिवसांत बागायतदाराला व्यासपीठावर बसवणं ही शिक्षाच. त्याचं अर्धं लक्ष थ्रिप्सवर असतं. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी कलमं आहेत. उद्या पेटीवर तुम्ही ठळक अक्षरांत 'रत्नागिरी हापूस' छापाल. शेजाऱ्यानेही तेच छापलेलं असेल. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. कर्नाटकचा आंबा मराठी रद्दीत गुंडाळून आपल्या नावाने खपवणाऱ्याला त्यामुळे कायद्याचा धाक आहे. आता क्यूआर कोडही आलेत. पण हे कुंपण बाहेरच्यांसाठी. कुंपणाच्या आत आपण सगळे सारखेच! मग गिऱ्हाइकाने पावसचा तुमचाच आंबा का घ्यावा, गणपतीपुळ्याचा का नको?

गिऱ्हाईक कशाला घाबरतं ते आधी बघा. हापूस घेणारा घाबरतो साक्याला. वरून सोन्यासारखं फळ, कापलं की आत पांढरट, आंबूस गर. पारख्यालाही बाहेरून कळत नाही. कोकण कृषी विद्यापीठाने 1981 साली 'रत्ना' आणला, त्यात साका होत नाही; तरी लोक मागतात हापूसच.

फळ झाडावर जास्त दिवस ठेवायचं नाही, तयार झालं की झेल्याने देठासकट उतरवायचं, उन्हात तापू द्यायचं नाही. एवढं केलं की साका कमी होतो, संपत नाही. जो उरतो तो आपणच सांगून टाकायचा. मी पेटीत चिठ्ठी घालतो: तोडणीची तारीख, फळाचं वजन, खायला कधी काढावा, आणि साका निघाला तर फोटो पाठवा, पैसे परत. आमचे काका म्हणाले, "आपल्याच मालाचा दोष आपणच छापायचा? डोकं फिरलं काय रे तुझं?" फोटो येतात. एखादा खोटाही येतो, त्याचेही पैसे देतो. जाहिरातीपेक्षा स्वस्त पडतं.

वाशीच्या मोठ्या व्यापाऱ्याला हे अवघड. त्याच्या गाळ्यावर कितीतरी बागांचा माल एकत्र येतो. तुम्हाला मात्र फळ कुठल्या कलमाचं तेही ठाऊक असतं.

तेव्हा कॉमर्सच्या मुलांनी येत्या एप्रिलमध्ये घरच्या पेट्यांत अशी चिठ्ठी घालून बघावी. परत द्यायचे पैसे मात्र हिशेबात आधीच धरा. वडील नको म्हणाले, तर माझं नाव सांगा. बरेचसे मला ओळखतात, दरावरून भांडलोय आम्ही.