ताटी उघडी ठेवा

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!

सज्जनहो, आपण तापीकाठची माणसं. मुक्ताई आपली. मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, ती वैशाख वद्य दशमी आपल्याला पाठ आहे. पण आज तिथी सांगायची नाही, त्या लेकरांचं दुःख सांगायचं आहे.

आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. चार लेकरं उघडी पडली. संन्याशाची पोरं म्हणून लोकांनी हिणवलं. एके दिवशी कुणी जिव्हारी लागेल असं बोललं आणि ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले. लक्षात घ्या, प्रत्यक्ष माउलींनी ताटी लावली! मग दुःखात तुम्हाआम्हाला दार लावावंसं वाटलं, तर त्यात पाप कसलं? मुक्ताई वयानं लहान. ती बाहेर उभी राहून दादाला विनवत राहिली. तेच ताटीचे अभंग.

आता माझी चूक सांगतो. धुळ्याकडच्या एका गावी कीर्तन झालं. एक म्हातारी माय पाया पडली. तरुण मुलगा कॅन्सरनं गेलेला. म्हणाली, "महाराज, देव कोठे शे?" मी काय म्हणालो? "बाई, मागल्या जन्माचा भोग." आणि गाडीत बसलो.

पुढं माझ्याच मंडळींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस. एक गृहस्थ भेटायला आले नि म्हणाले, "महाराज, भोग आहे." माझाच शब्द, मायबाप! तो किती जड असतो, ते तेव्हा कळलं. त्या रात्रीपासून मी हरिपाठ सोडला. वीणा खुंटीला. आजारी ती, आणि ताटी लावली मी!

आठ दिवसांनी ती खाटेवरून म्हणाली, "अहो, माझे पाय गेले, कान शाबूत आहेत. हरिपाठ म्हणा ना." मी रडत रडत म्हटला. तीच माझी मुक्ताई.

ती बरी झाली असं सांगितलं, तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण व्यासपीठावर खोटं बोलू नये. ती गेली. कार्तिकात ज्ञानोबा, मार्गशीर्षात सोपानकाका, वैशाखात मुक्ताई. निवृत्तिनाथांनी सहा महिन्यांत तीन भावंडं निरोपली. नाम घेतलं म्हणून दुःख टळतं, असं संतांनी स्वतः जगून तरी दाखवलं नाही. नाम घेतलं की दुःखात माणूस एकटा राहत नाही, एवढं मात्र मी अनुभवानं सांगतो.

नंतर मी त्या मायच्या घरी गेलो, हात जोडले. तिनं चहा ठेवला. म्हणाली, "महाराज, बसा." कितीतरी वेळ दोघं नुसते बसलो. तिचा प्रश्न होता ना, देव कुठं आहे? मला वाटतं, त्या वेळी तो आमच्यामध्ये बसला होता.

म्हणून मायबाप, आजाऱ्याच्या घरी गेलात तर भोगाचा हिशेब मांडू नका. उशाशी बसा. अंगारा लावा, पण डॉक्टरांची गोळी चुकवू नका. रुग्णसेवेपायी वारी चुकली तरी कष्टी होऊ नका. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, तेव्हा देवच विटेवर थांबला. आणि ज्याच्या मनाची ताटी लागली आहे, त्यानं निदान फट ठेवावी. बाहेर कोणीतरी मुक्ताई उभी असते.

रामकृष्णहरी!